शेंगेत किती दाणे?

पुरंदर तालुक्यात श्रावण-भाद्रपदात वाटाणा निघतो. सासवडच्या बाजारात गोण्यांच्या थप्प्या लागतात, घरोघरी ओट्यावर शेंगांचे ढीग पडतात, आणि ते सोलायला सगळ्यांत आधी बसतात ती घरातली लहान मुलं. याच दिवसांत इथल्या एका गावातल्या अंगणवाडीने आठवडाभरासाठी एकच विषय घेतला होता : बी. वर्गात पंचविसेक मुलं. धाकटी तीन वर्षांची, आईचा पदर नुकताच सुटलेली. मोठी सहाला टेकलेली. शिकवणाऱ्या ताई, आणि खिचडी शिजवण्यापासून शेंबूड पुसण्यापर्यंत सगळं पाहणाऱ्या मदतनीस मावशी. तो आठवडा मी त्यांच्यात बसून पाहिला. ताईंनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे गावाचंही नाव इथे दिलेलं नाही.

आदल्या शनिवारी मुलांबरोबर घरी निरोप गेला होता, की घरात असेल ते बी सोमवारी घेऊन या. त्याप्रमाणे मुठी भरून आल्या. चिंचोके, हुलगे, मका, करडई, भोपळ्याच्या बिया, आंब्याची वाळलेली कोय, आजीने मडक्यात राखेत जपलेले घेवड्याचे दाणे. एकाने सीताफळाच्या बिया आणल्या होत्या. ताईंनी त्याचं कौतुक केलं आणि बिया अलगद कपाटावर ठेवल्या. त्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा सुजतो, हे या सीताफळांच्या मुलखात सगळ्यांना ठाऊक असतं. बारीक दाणे त्यांनी फक्त मोठ्या मुलांसमोर ठेवले. तीन वर्षांच्यांपुढे चिंचोके आणि कोयी. “नाकात हरभरा कोंबलेलं पोर घेऊन मी दवाखान्यात पळालेय,” त्या म्हणाल्या, “तेव्हापासून दाण्याचा आकार बघूनच वाटणी करते.”

पण बियांआधी हजेरी. भिंतीला शिवलेल्या कापडी खिशांचा एक तक्ता टांगलेला. खाली सतरंजीवर मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक चित्र : छत्री, बैल, पतंग. आलेलं मूल आपली चिठ्ठी शोधतं आणि खिशात घालतं. मोठ्या मुलांच्या चिठ्ठ्यांवरची चित्रं ताईंनी जुलैतच कापून टाकली होती. तरीही ती मुलं आपलं नाव बरोबर उचलतात, आणि शेजारचीही चिठ्ठी उचलून “ही तुझी” म्हणून देतात. या मुलांना अजून कुणी मुळाक्षरं गिरवायला लावलेली नाहीत. तक्ता पाहूनच कळतं, की आज कोण आलं नाही. मग “का आला नसंल?” यावर पाच मिनिटं बोलणं होतं. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाला ताप आहे, कुणाची म्हैस व्याली आहे. चार वर्षांचं मूल दहा-बारा माणसांसमोर सलग चार वाक्यं बोलतं, तीही ऐकणाऱ्याला समजावीत अशा क्रमाने. ही साधी गोष्ट नाही.

बियांच्या खेळाला सूचना एकच होती : “सारखं सारखं एका जागी ठेवा.” सारखं म्हणजे काय, ते ताईंनी सांगितलं नाही. बराच वेळ नुसती खुडखुड चालली. एका गटाने रंगावरून ढीग केले. दुसऱ्याने लहान-मोठ्यावरून. एका मुलीने दोनच ढीग केले होते आणि त्यांत सगळं सरमिसळ दिसत होतं. ताईंनी विचारलं, “हे इथं का ठेवलंस गं?” ती म्हणाली, “ह्ये आमच्या रानात येतं, ह्ये न्हाई येत.” ताईंनी मान डोलावली आणि पुढे गेल्या. एका मुलाने कोय कुठल्याच ढिगात घेतली नाही, कारण त्याच्या मते ती बी नव्हतीच, “आंब्याचं हाड” होतं. त्यावर भांडण जुंपलं. ताईंनी निवाडा दिला नाही. मावशींनी विळीवर कोय फोडून दिली आणि आत निघालेलं पांढरं बी हातोहात फिरलं.

मला इथे थांबावंसं वाटतं. गोष्टींमधला एक गुण निवडायचा, बाकीचे तेवढ्यापुरते बाजूला ठेवायचे, आणि त्या एका गुणावर सगळा पसारा लावायचा, ही बुद्धीची मोठी उडी आहे. पुढचं गणित, व्याकरण, वनस्पतिशास्त्र याच कुवतीवर उभं राहतं. रंगाऐवजी “आमच्या रानात येतं” हा गुण निवडणाऱ्या मुलीने तर डोळ्यांना न दिसणारा निकष घेतला होता. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दिसलं असतं ते एवढंच, की पोरं बियांशी खेळताहेत आणि ताई बसल्या आहेत.

मुलांच्या हाती परिसरातल्या वस्तू देऊन शिकवण्याची ही रीत महाराष्ट्रात फार कष्टाने रुजली. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं आणि मूल हातांनी शिकतं हे जगाला दाखवलं. त्यांची पद्धत गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या बालमंदिरात आणली. तिथे ताराबाई मोडक त्यांना मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण मॉन्टेसरींची घोटीव लाकडी साधनं महाग होती. ती शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांपर्यंतच पोचत. ताराबाईंना हे सलत होतं. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई मोरगावच्या, म्हणजे या अंगणवाडीपासून फार लांबच्या नव्हेत. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली ही बाई पुढे शिक्षिका झाली आणि उरलेलं आयुष्य तिने वारली पाड्यांवरच्या मुलांना दिलं.

बोर्डीला पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं. पोरं आंघोळ न करता येत, तर आंघोळ घालणं हाही त्या वर्गाचा भाग झाला. अंगणातली म्हणून ती अंगणवाडी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. नंतर केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

मंगळवारी वर्ग असा भरलाच नाही. लसीकरणाचा दिवस होता. नर्सबाई आल्या, आशाताई आल्या, बाया तान्ह्या पोरांना घेऊन रांगेत बसल्या. ताईंचा दिवस वजनकाटा, दंडघेराची पट्टी आणि मोबाईल यांत गेला. पंचवीस मुलांना मावशींनी व्हरांड्यात सांभाळलं, गाणी म्हणवली, रांगोळीच्या पिठाने जमिनीवर रेघा काढायला दिल्या. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी उत्तम सांभाळलं. पण शिकवण्याचा एक दिवस गेला, आणि महिन्यात असे दिवस बरेच जातात.

बुधवारी पेरणी. तीन पेले. एकात ओल्या कापसावर मूग, दुसऱ्यात कोरड्या कापसावर मूग, तिसऱ्यात मूग पाण्याखाली पार बुडवलेले. आधी अंदाज विचारला : कुठलं उगवेल? पाण्यातलं, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं, कारण पाणी जास्त. ज्याला जिथलं उगवेल असं वाटतं, त्या पेल्याशेजारी त्याने आपली नावाची चिठ्ठी ठेवायची. एकाने विचारलं, “कोरड्यातलं बी झोपलंय का मेलंय?” ताई म्हणाल्या, “कसं कळंल आपल्याला?” तो विचारात पडला. शेवटी म्हणाला, “उद्या पानी घालून बगू.” प्रश्न पडला, त्याची परीक्षा कशी घ्यायची तेही त्यानेच ठरवलं. ताईंनी फक्त उत्तर देण्याचा मोह आवरला होता. मला विचाराल तर बालशिक्षणातली सगळ्यांत अवघड गोष्ट हीच आहे. मोठ्या माणसाला उत्तर माहीत असताना गप्प बसणं जड जातं.

गुरुवारचा दिवस वाटाण्याचा. एका पालकाने पाटीभर शेंगा पाठवल्या होत्या. ताईंनी एक शेंग वर धरली. “न फोडता सांगा, हिच्यात किती दाणे?” मुलं शेंग बोटांनी चाचपू लागली. उंचवटे मोजायचे, आकडा सांगायचा आणि मग फोडून पाहायची. बोटांच्या पेरांना एवढं बारीक काम दुसऱ्या कशाने क्वचितच मिळत असेल. शेंगेची शिवणीकडची कड नखाने उलगडायची, दाणा न चेचता अंगठ्याने सोडवायचा.

एक साडेचार वर्षांचा मुलगा घरी थोरल्या बहिणीकडून पन्नासपर्यंत आकडे शिकून आला होता. त्याने धडाधड म्हणून दाखवले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच्या शेंगेत निघालेले सात दाणे त्याने मोजले. बोट सावकाश चाललं होतं आणि तोंड पुढे पळत होतं. उत्तर आलं अकरा. पुन्हा मोजले, नऊ आले. त्याला स्वतःलाच काहीतरी चुकतंय हे जाणवलं होतं, कपाळावर आठी होती. ताईंनी चूक म्हटलं नाही. अंड्यांचा रिकामा ट्रे आणून दिला. एका खळग्यात एक दाणा ठेवायचा आणि ठेवताना एक आकडा म्हणायचा. आता तोंडाला हातासाठी थांबावं लागलं. सात आले. “मग किती आहेत रे?” ताईंनी विचारलं. त्याने उत्तर देण्याऐवजी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

हा प्रसंग ज्यांना किरकोळ वाटेल त्यांनी थोडं थांबावं. आकडे म्हणता येणं ही पाठांतराची गोष्ट. एका वस्तूला एकच आकडा देणं ही वेगळी पायरी. आणि शेवटी उच्चारलेला आकडा हा शेवटच्या दाण्याचा नसून सगळ्या ढिगाचा आहे, हे उमगणं ही त्याच्याही पुढची. पन्नासपर्यंत म्हणणारं मूल तिसऱ्या पायरीवर पोचलेलं असेलच असं नाही, आणि वीसपर्यंतही न येणारं एखादं पोचलेलं असतं. पहिलीच्या वर्गात बेरीज न जमणाऱ्या कितीतरी मुलांचं घोडं या तिसऱ्या पायरीवर अडलेलं असतं, आणि तिथे त्यांना बेरजा लिहायला देऊन काही उपयोग होत नाही.

त्यानंतर ताईंनी दोन रांगा मांडल्या, दोन्हींत सहा-सहा दाणे. मग एका रांगेतले दाणे लांब लांब सरकवले. “आता कुठं जास्त?” चार वर्षांच्या मुलांनी एकसुरात लांब रांगेकडे बोट दाखवलं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांना असेच प्रश्न विचारले होते, आणि त्या वयाची जगभरची मुलं बहुधा हेच उत्तर देतात. सहाच्या जवळ आलेली एक मुलगी मात्र दाण्यांकडे न पाहताच म्हणाली, “तेवढंच हायेत. कुणी काढलंच न्हाईत तर कमी कसं व्हतील?” तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ताईंनीही लहानांना तिचं उत्तर पाठ करायला लावलं नाही. त्यांना ते वर्षभरात आपलं आपण कळेल, तोपर्यंत दाणे सरकवत राहायचे, असं त्यांचं म्हणणं.

एक शेंग पोचट निघाली. तिच्यात दाणाच नव्हता. “हिच्यात काय न्हाई” म्हणून एकजण ती फेकायला निघाला. ताईंनी ती ठेवून घेतली. मग फोडलेल्या शेंगांच्या साली जमिनीवर मांडायच्या ठरल्या : पाच दाण्यांच्या एका ओळीत, सहाच्या दुसऱ्या, सातच्या तिसऱ्या. पोचट शेंगेला जागा कुठे द्यायची यावर चर्चा झाली आणि तिला सगळ्यांच्या आधी, एकटीची ओळ मिळाली. सतरंजीसमोरच्या शहाबादी फरशीवर हिरव्या सालींचा तो उभा-आडवा पसारा म्हणजे आलेखच होता. सहाची ओळ सगळ्यांत लांब झाली. “जादा शेंगा सहाच्या,” पोरांनी जाहीर केलं. दाणे मावशींनी खिचडीत टाकले. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला ठरावीक उष्मांक आणि प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. त्या दिवशी खिचडी उरली नाही.

शुक्रवारी पेले पाहिले. ओल्या कापसावरच्या मुगाला मोड आले होते. बुडवलेल्या पेल्यात दोन-चार दाण्यांनी डोकं काढलं होतं, पण पाणी फेसाळून वास सुटला होता. कोरडे होते तसेच. चिठ्ठ्या उचलून ज्याने त्याने आपला अंदाज तपासला. मग प्रत्येकाने चित्र काढलं आणि चित्राबद्दल जे सांगायचं ते ताईंना सांगितलं. ताईंनी ते मुलाच्याच शब्दांत खाली लिहिलं, प्रमाणभाषा न करता. आपण बोललो ते कागदावर बसलं, आणि ताईंनी वाचून दाखवल्यावर तेच परत ऐकू आलं, हे पाहताना मुलं हरखून जात होती. लेखन म्हणजे काय हे याहून स्पष्ट दुसऱ्या कशाने सांगता येईल असं मला वाटत नाही.

वर्गात बिहारमधून आलेल्या कुटुंबातली एक मुलगी आहे. वडील कोंबड्यांच्या फार्मवर कामाला. जूनपासून ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. ताईंनी तिला बोलायला कधी टोकलं नाही. नव्या भाषेत पडलेलं लहान मूल कित्येक आठवडे नुसतं ऐकत राहतं, आणि त्या काळात त्याला छेडू नये, एवढं त्या प्रशिक्षणात आणि त्याहून जास्त अनुभवातून शिकल्या होत्या. शुक्रवारी मोडाचे दाणे मोजताना ती तिच्या घरच्या बोलीत मोठ्याने मोजत होती. शेजारच्या मुलाने ऐकलं आणि तिच्यासारखं म्हणायचा प्रयत्न केला. तिने त्याची चूक दुरुस्त केली. ताई लांबून पाहत होत्या. जवळ गेल्या नाहीत.

शनिवारी पालकसभा. पंधरा-सोळा बाया, दोन आजोबा. एका तरुण आईने सरळ विचारलं, “ताई, माज्या जावंचा पोरगा ह्याच्याएवढाच हाय. त्यो व्हॅनमधनं विंग्लिश नर्सरीला जातो. ए टू झेड लिवतो, वही भरती. आमचं पोरगं बिया मोजतंय. लिवाया कवा शिकवनार?”

या प्रश्नात हौस नाही, भीती आहे, आणि ती खरी आहे. आपलं मूल मागे पडेल ही भीती कोरडवाहू शेतावर दिवस काढणाऱ्या बाईला असणारच. म्हणून तिला अडाणी ठरवणारे लोक मला पटत नाहीत. ताईंनी तिला जवळ बसवलं आणि मुलाच्या चित्रांची फाइल काढली. जूनमधल्या कागदावर नुसता गिचमिडा होता. जुलैत गोल मिटायला लागला होता. ऑगस्टच्या कागदावर मुगाचा मोड, पेल्याची कड, आणि कोपऱ्यात त्याने आपणहून काढलेलं नावातलं पहिलं अक्षर. “हे मी शिकवलं नाही, वैनी,” ताई म्हणाल्या. “चिठ्ठी बघून बघून त्याचं त्यानं काढलंय. हात तयार होतोय त्याचा. शेंगा सोलतोय ना, ते लिहिणंच आहे.”

ताईंच्या बोलण्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून कठीण होत जातात. चौथ्या वर्षी त्यातली निम्मी-अर्धीच तयार असतात. त्या हातात पेन्सिल देऊन चार रेघांत अक्षर बसवायला लावलं, तर मूल ते बसवतं, पण दात-ओठ खाऊन. आणि पुष्कळदा वहीचा तिटकारा त्याच वेळी मनात बसतो. आईला हे सगळं पटलं का? पूर्ण नाही. ती म्हणाली, “बगू दिवाळीपर्यंत.” ताईंना तेवढं पुरेसं होतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पाच वर्षांचा पायाभूत टप्पा मानला. २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, आणि त्यात खेळ हेच शिकण्याचं साधन धरलं आहे. महाराष्ट्राने त्याआधीच अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा अभ्यासक्रम आणला होता. कागदावर म्हणजे ताराबाई आणि अनुताई जिंकल्या आहेत. अडचण वेगळीच आहे. अंगणवाडीच्या सहा सेवा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. सहांतली पाच कामं मोजली जातात, मोबाईलमध्ये भरली जातात, त्यांची वरून विचारणा होते. आता तर घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहराही ॲपवर पडताळावा लागतो. शेंगेतल्या दाण्यांसाठी ताई वर्गात बसल्या की नाही, हे कुणी विचारत नाही. मुलं घरी गेल्यावर त्या दुपारी दोन-दोन तास रेंज शोधत माहिती भरतात, गृहभेटी करतात, आणि उद्याच्या वर्गाची तयारी रात्री भाकऱ्या झाल्यावर होते.

शिवाय त्या शिक्षिका नाहीत. कागदावर ‘मानधनी सेविका’ आहेत. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात निकाल दिला, की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. अंगणवाडीत चालणारं बालवर्गाचं काम हे शैक्षणिक काम आहे, हे त्या निकालात नोंदलं गेलं. तरी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातल्या सेविकांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. त्यांच्या मागण्यांत मानधनवाढ होती, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी होती. पहिलीच्या शिक्षकाला जे आपसूक मिळतं, ते पहिलीच्या आधीची सगळ्यांत अवघड तीन वर्षं सांभाळणाऱ्या बाईला रस्त्यावर बसून मागावं लागतं, हे अन्यायाचं आहे. त्यांना शिक्षिकेचा दर्जा आणि वेतन मिळालं पाहिजे. नोंदींच्या कामाला दुसरा माणूस दिला पाहिजे, म्हणजे सकाळचे तास मुलांचे राहतील.

ते होईल तेव्हा होईल. गावाच्या हातात असलेली एक गोष्ट मात्र आजच करता येते. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकांच्या कल्याणावर खर्च करायचा असतो. या अंगणवाडीत सतरंजी एकच आहे, ती फाटली आहे, आणि खडू-कागद ताई स्वतःच्या पैशांनी आणतात. वाचकांनो, दिवाळीला गावी जाल तेव्हा एक सकाळ तुमच्या गावच्या अंगणवाडीत जाऊन बसा, ताईंना काय हवंय ते विचारून घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत उठून त्या दहा टक्क्यांचा हिशेब मागा.